सार्वजनिक इमारत आयोग, शिकागो

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या १९५५ च्या कायद्यान्वये १९५६ मध्ये शिकागो शहरासाठी स्थापन झालेली स्वायत्त संस्था. जागा आणि इमारती संपादन करणे, नव्या बांधणे, जुन्यांची डागडुजी व फेरबदल करणे आणि त्या महापालिका, कुक काउंटी, शिक्षण मंडळ अशा संस्थांना भाड्याने देणे, हे तिचे काम. मालक राजी नसला तरी मोबदला देऊन सक्तीने भूसंपादन करण्याचा अधिकार कायद्याने तिला दिला. कर बसवण्याचा मात्र दिला नाही. म्हणून आयोग कर्जरोखे काढून पैसा उभा करतो, इमारत वापरणारी संस्था आपल्या करदात्यांकडून भाड्याची तरतूद करते आणि त्या भाड्यातून रोखे फिटतात. टीका बहुतेक सक्तीच्या संपादनावर होते. पण घर वा दुकान गमावणारा मालक न्यायालयाचे दार ठोठावू शकतो, मोबदल्यासाठी भांडू शकतो. शाळेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या फेरबदलात कोणीही बेघर होत नाही, त्यामुळे दाद मागायलाही सहसा कोणी जात नाही. तिथे खरा अंकुश उरतो तो भाडेकराराचाच.

आयोगाचे शिकागोतील डेली सेंटर पाहिले की हे पटते. १९६५ मध्ये पूर्ण झालेली, गंजासारखा थर धरणाऱ्या कॉर-टेन पोलादाची ही ३१ मजली इमारत न्यायालयांसाठी व कचेऱ्यांसाठी बांधली. तिचे खांब एका दिशेने सुमारे ८७ फुटांवर आहेत. मधल्या भिंती भार उचलत नाहीत, त्यामुळे गरजेप्रमाणे त्या काढून दालने लहानमोठी करता येतात. फेरबदल गृहीत धरूनच ती उभारली गेली. अशा इमारतीत कोणता बदल कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या संमतीने होणार, हे करारात नेमके लिहिलेले नसेल तर मालकाचे, म्हणजे आयोगाचे, पारडे जड होते.

संपादनाखेरीज दुसरा आक्षेप कर्जाचा. राज्याच्या १८७० च्या घटनेने स्थानिक संस्थांच्या कर्जाला करपात्र मालमत्तेच्या मूल्यांकनाच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. आयोग म्हणजे तिला घातलेला वळसा, असे टीकाकार म्हणत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कायदा वैध ठरवला. तरी आक्षेपातला दम संपत नाही, कारण दीर्घ मुदतीचा करार पुढच्या निवडून आलेल्या सभागृहालाही बांधून ठेवतो. यावर उत्तर दिले जाते की महापौरच आयोगाचे अध्यक्ष असतात, म्हणजे लोकांना जाब विचारता येतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या काळापासून चालत आलेल्या या प्रथेमुळे मालकाच्या आणि भाडेकरूच्या खुर्चीत एकच माणूस बसतो. मग घासाघीस करायची कोणी? न्यायालयांनी आयोगाचे प्रत्येक म्हणणे मान्य केले असेही नाही. डेली सेंटरसमोरच्या पिकासोच्या ५० फुटी शिल्पावर आयोगाने सांगितलेला कॉपीराइट १९७० मध्ये संघीय न्यायालयाने फेटाळला, कारण शिल्पाचा छोटा नमुना कॉपीराइटच्या आवश्यक सूचनेविना आधीच प्रसिद्ध झाला होता. पण तो खटलाही बाहेरच्या एका प्रकाशकाने लढला. भाडेकराराच्या बाबतीत आयोगाला जाब विचारण्याचे काम निवडून आलेल्या सभासदांनीच करायला हवे: अध्यक्षपद महापौरांपासून वेगळे करावे आणि मोठ्या फेरबदलाचा प्रत्येक करार खुल्या सुनावणीनंतरच मंजूर व्हावा.