माळ्यावर जपलेला काळ

जुनी मनगटी घड्याळे जमविणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. वेळ तर एकाच घड्याळात दिसते. मग ही वीस-पंचवीस घड्याळे कशाला? विचारणाऱ्याचे काही चुकते असे नाही. वेळ पाहण्यापुरतेच बोलायचे, तर पूर्वीच्या किल्लीच्या घड्याळापेक्षा आजचे स्वस्तातले घड्याळही अधिक बिनचूक चालते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर वेळेत नव्हे, इतिहासात शोधले पाहिजे. आणि त्या इतिहासाचा मोठा भाग स्वित्झर्लंडात घडला असल्यामुळे, श्रोतेहो, आज थोडा वेळ आपण तिकडे जाऊ.

सोळाव्या शतकात कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या प्रभावाखाली जिनीव्हा शहरात दागदागिन्यांच्या हौसेवर निर्बंध आले. काम गेलेले सोनार घड्याळांकडे वळले आणि १६०१ मध्ये तेथील घड्याळजींनी आपला व्यवसायसंघ स्थापिला. पुढे हा धंदा ज्युरा पर्वताच्या खोऱ्यांत पसरला. तेथे हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजत व शेतीचे काम बंद पडे. दानिएल जाँरिशार या कारागिराने ल लोक्ल गावी अनेक शिष्य तयार केले. एकाने चाके घडवावी, दुसऱ्याने कमान, तिसऱ्याने सारे जुळवावे, अशी कामाची वाटणी त्या भागात रूढ झाली. शेतकऱ्याच्या घरातील खिडकीशी मांडलेला बाक हाच या उद्योगाचा पहिला कारखाना.

घड्याळ मनगटावर आले ते मात्र बरेच उशिरा, आणि आले ते स्त्रियांचा अलंकार म्हणून. १८६८ मध्ये पाटेक फिलिप या पेढीने हंगेरीतील एका उमरावपत्नीसाठी असे घड्याळ घडविले. पुरुष ते बांधणे कमीपणाचे मानीत. १९१४ च्या महायुद्धाने तो समज मोडला. खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाला कोटाच्या खिशातून घड्याळ काढण्याची सवड कोठली? लहान खिशातील घड्याळालाच तारेच्या कड्या डाखवून त्यांत पट्टा ओवला गेला. त्यानंतरची प्रत्येक सुधारणा अशाच एखाद्या अडचणीतून जन्मली. पाणी व धूळ यांना अटकाव करणारे रोलेक्सचे ऑयस्टर १९२६ मध्ये निघाले. पुढल्याच वर्षी इंग्लिश खाडीत पोहताना मर्सिडीज ग्लाइत्स हिने ते गळ्यात बांधले होते. थंडीमुळे किनारा गाठण्यापूर्वीच तिला बाहेर काढावे लागले, पण घड्याळ चालूच राहिले. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा वारंवार फुटत, म्हणून १९३१ मध्ये रिव्हर्सो हे तबकडी आत फिरविता येणारे घड्याळ निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, ब्रिटिश सैन्यासाठी स्वित्झर्लंडात बारा निरनिराळ्या नावांची मनगटी घड्याळे एकाच नमुनाबरहुकूम तयार झाली : काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, सहाच्या अंकाजवळ सेकंदाचा लहान काटा आणि सरकारी मालकीची बाणाची खूण. ही बाराही एकत्र करणे हे आज कित्येक संग्राहकांचे आयुष्यभराचे व्रत होऊन बसले आहे.

या भरभराटीला १९६९ च्या नाताळात हादरा बसला. त्या दिवशी जपानच्या सेको कंपनीने स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. या घड्याळांपुढे चाकांची व कमानींची कारागिरी महागडी ठरली. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळधंद्यात जवळजवळ ९० हजार माणसे काम करीत होती. पुढल्या पंधरा वर्षांत ती संख्या एक-तृतीयांशावर आली. खेड्यापाड्यांतील कारखाने बंद पडले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली यंत्रे भंगारात गेली.

ल लोक्ल येथील झेनिथ कारखान्यातही १९७५ मध्ये हुकूम आला. मालकी अमेरिकेतील कंपनीची होती. तिने किल्लीच्या घड्याळांची निर्मिती थांबविण्यास सांगितले. तेथे शार्ल व्हेर्मो नावाचा एक कारागीर होता. तासाला ३६,००० आंदोलने घेणारे ‘एल प्रिमेरो’ हे यंत्र १९६९ मध्ये त्याच कारखान्यातून बाहेर पडले होते. हत्यारे विकू नयेत अशी विनवणी त्याने केली. ती मानली गेली नाही. तेव्हा साचे, हत्यारे आणि नकाशे त्याने गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर नेऊन ठेवले, आणि कोणती वस्तू कशासाठी याची टिपणेही करून ठेवली. जवळजवळ एक दशक ते सारे तेथे पडून होते. १९८० नंतर अशा घड्याळांना पुन्हा मागणी आली, तेव्हा त्या माळ्यावरील सामानानेच ते यंत्र पुन्हा सुरू झाले. नाही तर ते सारे प्रचंड खर्च करून नव्याने घडवावे लागले असते.

संग्राहकाने काय करावे, याचा धडा या माळ्यावर आहे. व्हेर्मोने वस्तू जपली, ती होती तशी जपली, आणि तिच्याबरोबर माहितीही जपली. आपल्याकडे पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते. फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड अशा नावांची स्विस घड्याळे एके काळी मुंबईच्या पेढ्यांतून देशभर गेली. कित्येक घरांच्या पेट्यांत ती अजूनही असतील. ती बाजारात येतात तेव्हा मळलेली तबकडी खरवडून नव्या रंगाने झगझगीत केली जाते, आणि घेणारा त्या चकाकीला भुलतो. अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसल्या, मिनिटांच्या रेघा अंकांशी जुळल्या नाहीत, की समजावे, येथे साक्षीदाराची जबानीच बदलली गेली आहे. डाग पडलेली पण मूळची तबकडी अशा चकचकीत तबकडीपेक्षा शतपटीने मोलाची.

म्हणून नव्या संग्राहकाने एखादा कालखंड अथवा एखादेच नाव निवडून सुरुवात करावी. विश्वासाच्या घड्याळजीकडून मागचे झाकण उघडवून आतील क्रमांक उतरून घ्यावा. लाँजीन या पेढीने १८६७ पासून आपल्या घड्याळांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. क्रमांक कळविला असता घड्याळ कधी व कोणाकडे रवाना झाले हे बहुधा समजते. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या चमकत्या अंकांत रेडियम असते. त्यांची चमक विझली तरी रेडियमचा परिणाम संपत नाही. असे घड्याळ घरी उघडू नये, तबकडी खरवडू तर मुळीच नये.

आणि शेवटी एक वही ठेवावी. घड्याळ कोणाचे होते, कोठून मिळाले, केव्हा दुरुस्त झाले, हे तीत लिहावे. आजोबांचे घड्याळ नातवाच्या हाती येते, पण आजोबांनी ते कोणत्या पगारातून घेतले, कोणत्या प्रसंगी बांधले, हे सांगणारे माणूस निघून गेलेले असते. घड्याळ पुन्हा चालू करता येते. हरवलेली हकीकत मात्र कोणत्याही घड्याळजीला दुरुस्त करता येत नाही. वीस-पंचवीस घड्याळे कशाला, या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत मिळेल.