मायदेशी परतताना : भावना, कागदपत्रे आणि कॅलेंडर

९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील दीर्घ वास्तव्यानंतर मोहनदास करमचंद गांधी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. या घटनेची आठवण म्हणून २००३ पासून हा दिवस 'प्रवासी भारतीय दिवस' म्हणून पाळला जातो. परदेशस्थ भारतीयांच्या यशाचा गौरव या दिवशी होतो. मात्र जो प्रसंग या दिवसामागे आहे, तो परदेशी जाण्याचा नसून परत येण्याचा आहे, याचा अनेकांना विसर पडतो. परत येणे हे जाण्याइतकेच अवघड असते. किंबहुना जाताना मागे आई-वडिलांचे घर असते. येताना मागे स्वतः उभारलेला संसार असतो.

जुनी परंपरा, जुन्याच अडचणी

शिकून परतलेल्यांचे स्वागत नेहमीच सुखाचे झाले, असे इतिहास सांगत नाही. फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ च्या अखेरीस मायदेशी आल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. पण क्षयाने जर्जर झालेल्या आनंदीबाईंचे फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात निधन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठ व लंडन येथील अभ्यासानंतर १९१७ मध्ये परतले आणि करारानुसार बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. परदेशात जिची सवय सुटली होती, ती अस्पृश्यता बडोद्यात पुन्हा समोर उभी राहिली. राहायला साधी जागा मिळेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांना नोकरी सोडून मुंबईस यावे लागले.

डॉ. होमी भाभा १९३९ मध्ये सुटीसाठी केंब्रिजहून आले आणि महायुद्ध सुरू झाल्याने येथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. याउलट हरगोविंद खुराना १९४९ मध्ये परतले, परंतु मनाजोगे काम न मिळाल्याने पुन्हा परदेशी गेले आणि १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायमची नोकरी मिळेपर्यंत आधार मिळावा म्हणून १९५८ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अखत्यारीत 'सायंटिस्ट्स पूल' ही योजना सुरू करण्यात आली. बुद्धिमंत परत येतात ते केवळ हाकेने नव्हे, त्यांच्यासाठी जागा असावी लागते, हे त्या काळीच ओळखले गेले होते.

दोन प्रकारचे परतणे

आज परतणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. आखातात गेलेल्यांना परतीचा निर्णय घ्यावाच लागत नाही. तो व्हिसा घेतो. तेथे सामान्य नोकरदाराला नागरिकत्व मिळत नाही. रत्नागिरी, रायगडमधील अनेक कुटुंबांनी हे पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे. पगारावर प्राप्तिकर नाही, पण निवृत्तिवेतनही नाही; हाती येते ती सेवासमाप्तीची रक्कम. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे व त्यापुढे ३० दिवसांचे मूळ वेतन, असा तिचा हिशेब असतो. काही वेळा परतणे एका रात्रीत ओढवते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यानंतर सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना प्रामुख्याने जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानाने आणावे लागले. ७ मे २०२० पासून सुरू झालेल्या 'वंदे भारत' मोहिमेतही नोकरी गमावून आलेल्यांची संख्या मोठी होती.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन येथून येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना राहण्याचा पर्याय असतो आणि म्हणूनच निर्णय लांबत जातो. 'पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य या कुटुंबांत वर्षानुवर्षे म्हटले जाते. गृहकर्ज, बढती, मुलांची शाळा, ग्रीन कार्डाची रांग. कारण दर वर्षी नवे असते. अमेरिकेत रोजगाराधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक जागा येत नसल्याने भारतीयांची प्रतीक्षा दशकांच्या घरात गेली आहे. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेल्यास दुसरी शोधण्यासाठी फार तर ६० दिवसांची मुदत मिळते, तर आश्रित व्हिसावरील मुलांचा तो दर्जा वयाच्या २१ व्या वर्षी संपतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यावर अनेक घरांत परतीची चर्चा नव्याने सुरू झाली.

या सर्वांहून प्रबळ कारण मात्र बहुधा एकच असते. पुण्यात किंवा डोंबिवलीत एकटे राहणारे, सत्तरी ओलांडलेले आई-वडील. 'पुढच्या वर्षी'चा हिशेब त्यांच्या वयाला लागू पडत नाही, ही जाणीव अनेकदा उशिरा होते.

नागरिकत्वाचा प्रश्न

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याक्षणी भारतीय नागरिकत्व संपते व पारपत्र परत करावे लागते. अशांसाठी 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' अर्थात ओसीआय ही सोय २००५ च्या कायदादुरुस्तीने झाली. ९ जानेवारी २०१५ पासून जुनी पीआयओ कार्ड योजना तीतच विलीन करण्यात आली. ओसीआयधारकास आयुष्यभर येथे राहता येते, नोकरी व व्यवसायही करता येतो. मात्र मतदान करता येत नाही आणि घटनात्मक पदे भूषविता येत नाहीत. पुन्हा भारतीय नागरिक व्हायचे असल्यास पाच वर्षे ओसीआय नोंदणी व अर्जापूर्वी १२ महिने भारतात वास्तव्य या प्रमुख अटी आहेत.

ज्यांनी भारतीय पारपत्र कायम ठेवले, त्यांची वाट सोपी असते. वैध पारपत्र असलेल्या परतलेल्या नागरिकास 'आधार'साठी १८२ दिवसांची वाट पाहावी लागत नाही. मतदारयादीतील नाव मात्र आपणहून तपासून घ्यावे. ते वगळले गेलेले असण्याची शक्यता असते.

कधी परतावे? प्राप्तिकराचे उत्तर

परतीची तारीख सहसा मुलांची शाळा पाहून ठरते. ती प्राप्तिकर पाहूनही ठरवावी, असे या विषयातील जाणकार सांगतात. भारतात करदायित्व नागरिकत्वावर नव्हे, तर वास्तव्यावर अवलंबून असते. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते आणि निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते.

परंतु दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्यास कायदा मधली पायरी देतो. तिचे नाव 'निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही'. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असल्यास, अथवा आधीच्या ७ वर्षांत भारतातील एकूण मुक्काम ७२९ दिवसांहून अधिक नसल्यास ही स्थिती लाभते. सर्वसाधारणपणे ती दोन, क्वचित तीन वर्षे टिकते. या काळात परदेशातील घरभाडे, व्याज, लाभांश इत्यादी उत्पन्न तेथेच मिळाले, तर ते भारतात करपात्र ठरत नाही. भारतातून चालविलेल्या व्यवसायाचे उत्पन्न मात्र यास अपवाद आहे. परदेशातील घर वा समभाग विकायचे असल्यास ते याच काळात उरकणे शहाणपणाचे ठरते. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या 'प्राप्तिकर अधिनियम, २०२५'मध्येही वास्तव्याच्या या मूळ कसोट्या कायम ठेवण्यात आल्या आहेत.

ही पायरी ओलांडल्यावर परदेशातील खाती व मालमत्ता विवरणपत्रात दाखविणे बंधनकारक होते. न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसाविरोधी कायद्याखाली जबर दंडाची तरतूद आहे. जुन्या, विसरलेल्या बँक खात्यामुळेही अडचण येऊ शकते.

बँक खाती : सर्वाधिक होणारी चूक

परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १ जून २००० पासून लागू झालेला 'फेमा', निवासी कोण हे वेगळ्या पद्धतीने ठरवतो. त्यात हेतूला महत्त्व आहे. कायम राहण्याच्या इराद्याने जो परतला, तो आल्यापासूनच निवासी मानला जातो. येथेच अनेकांची गफलत होते. प्राप्तिकराच्या दृष्टीने मधली पायरी मिळाली, म्हणून एनआरई खात्याचे व्याजही करमुक्त राहील, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ती सवलत 'फेमा'खालील अनिवासींसाठीच असल्याने परतल्यानंतरचे व्याज करपात्र होते.

परतल्यावर बँकेला तत्काळ कळवून एनआरओ खाते निवासी खात्यात, तर एनआरई खाते निवासी अथवा 'रेसिडेंट फॉरेन करन्सी' खात्यात बदलून घ्यावे. या दुसऱ्या खात्यात रक्कम परकीय चलनातच राहते आणि ती परदेशात विनासायास वापरता येते. मुलांना पुढे बाहेर शिकायला पाठवायचे असेल, तर हे खाते उपयोगी पडते. विदेशी चलनातील एफसीएनआर ठेवी मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येतात. अनिवासी असताना घेतलेले परदेशातील घर, समभाग वा खाती परतल्यावरही बाळगण्यास 'फेमा'च्या सहाव्या कलमाची मुभा आहे. घाईघाईने सर्व विकून येण्याची गरज नाही.

परदेशातील निवृत्तिनिधी

अमेरिकेतील सोशल सिक्युरिटीचा लाभ मिळण्यासाठी साधारण दहा वर्षांच्या कामाचे ४० अंश लागतात. उभय देशांत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने नऊ वर्षे काम करून परतलेल्याची वर्गणी भारतातील सेवेशी जोडली जात नाही. दहावे वर्ष जवळ असेल, तर ते पूर्ण करावे का, हा प्रश्न परतीच्या हिशेबात धरावा लागतो. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील निवृत्तिखात्यांतील उत्पन्नावर दरवर्षी नव्हे, तर रक्कम काढताना कर भरण्याचा पर्याय २०२१ च्या वित्त कायद्याने उपलब्ध करून दिला; तो विहित अर्जाद्वारे स्वीकारावा लागतो.

अमेरिकी नागरिक व ग्रीन कार्डधारक जेथे राहतील तेथून अमेरिकेचे विवरणपत्र भरण्यास बांधील असतात. वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते. पुनर्प्रवेशाचा परवाना आधी घेतल्यास साधारण दोन वर्षांची सवड मिळते. 'जमले नाही तर परत जाऊ' असे म्हणणाऱ्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी.

मुले : प्रवेश आणि भाषा

परतीचा सर्वांत मोठा भार मुलांवर पडतो आणि त्यांचे मत सर्वांत कमी विचारले जाते. लहान मूल वर्षभरात रुळते. आठवी-नववीतील मुलाला मित्र, भाषा व परीक्षापद्धती एकदमच बदलावी लागते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय अनिवार्य करण्यात आला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या परिवारात चालणाऱ्या मराठी शाळांत रविवारी गिरवलेली बाराखडी अशा वेळी कामी येते. ज्या घरांत मराठी केवळ आजीच्या दूरध्वनीपुरती उरली, तेथे शिकवणीची तयारी ठेवावी.

परदेशी पारपत्र असलेल्या मुलांच्या उच्च शिक्षणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. ४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेशप्रक्रियेत ओसीआयधारक अनिवासी भारतीयांसाठीच्या वा अधिसंख्य जागांसाठीच पात्र ठरतात. केवळ भारतीयांसाठी असलेल्या जागा त्यांना खुल्या नाहीत. या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना हा निर्बंध लागू होणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. तेव्हा कार्डावरील तारीख पाहणे आवश्यक आहे. दहावी-बारावी पुण्यात केलेला मुलगा बारावीनंतर 'परदेशी' ठरावा, हा धक्का अनेक पालकांना शेवटच्या वर्षी बसतो.

घर, जमीन, विमा

परतल्यावर गावाकडे चार एकर घेऊन शेती करण्याचे स्वप्न बहुतेकांनी पाहिलेले असते. अनिवासी भारतीय व ओसीआयधारकांना शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली बाळगता येते. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या निवासी नागरिकासही १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यान्वये परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर वडिलोपार्जित नाव आहे का, हे आधी पाहावे.

आरोग्यविमा परतताच घ्यावा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार तो कमाल ३६ महिन्यांचा आहे. पन्नाशीत मधुमेह घेऊन आलेल्यास ही तीन वर्षे स्वतःच्या खिशातून काढावी लागू शकतात. सामानाबाबत एवढेच, की अमेरिकेतील उपकरणे १२० व्होल्ट व ६० हर्ट्झवर चालतात, भारतात वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मरने दाब बदलतो, वारंवारता नाही. म्हणून मोटर असलेली मोठी यंत्रे न आणलेलीच बरी.

सोडलेले शहर सापडत नाही

कागदपत्रे पूर्ण झाली तरी एक गोष्ट कोणत्याही अर्जात बसत नाही. पंधरा वर्षांपूर्वी जे शहर सोडले, ते आता त्या जागी नसते. वाड्याच्या जागी इमारत उभी असते, शेजारी गेलेले असतात, मित्रांचे संसार आपापल्या वाटेने पुढे सरकलेले असतात. परतलेला मनुष्य पहिली काही महिने पाहुणा असतो आणि नंतर अचानक सर्वांसारखाच होतो. त्यातली दुसरी अवस्था अधिक कठीण, कारण पाहुण्याला मिळणारी सवलत तेव्हा संपते. वाहतूक, धूळ व कार्यालयांतील खेटे यांची दर वाक्यात 'तिकडच्याशी' तुलना सुरू राहिली, की घरातली माणसेही दुरावतात.

म्हणूनच पहिले वर्ष मोठ्या निर्णयांविना जाऊ द्यावे, असा अनुभवी मंडळींचा सल्ला असतो. घर भाड्याने घ्यावे, पतिपत्नी दोघांच्या कामाचा विचार करावा आणि मुलांना तक्रार करण्याची मोकळीक द्यावी. गांधीजी परतले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना वर्षभर देश पाहण्याचा व सार्वजनिक प्रश्नांवर न बोलण्याचा सल्ला दिला होता. परतणाऱ्या प्रत्येकाला तो आजही तितकाच लागू आहे.