‘उपहार’ : सकाळी विझलेली आग

दिल्ली, ग्रीन पार्क. शुक्रवार, १३ जून १९९७. ‘बॉर्डर’ या युद्धपटाचा पहिलाच दिवस.

सकाळी ६.५५ – ‘उपहार’ चित्रपटगृहाच्या तळमजल्यावर, पार्किंगला लागून, वीज मंडळाचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला आग लागते आणि अर्ध्या तासात विझते. कोणाला खरचटतही नाही.

१०.३० नंतर – वीज मंडळाची माणसं येतात. ‘बी’ फेजच्या केबलचे दोन अ‍ॅल्युमिनियमचे सॉकेट जळालेले. नवे सॉकेट केबलवर क्रिम्पिंग मशीनने दाबून घट्ट बसवायला हवेत. इथे मशीन नाही. डाय आणि हातोडीवर भागवलं जातं. एवढ्या जाड केबलला, जिच्यातून वस्तीभरची वीज वाहणार आहे. ठोकलेला सॉकेट वरून चांगला दिसतो, पण आत तारा सैल असतात. सैल जोडावर ठिणग्या उडतात, जोड तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. घरच्या मीटरपेटीतून जळका वास आला की वायरमन ‘लूज कॉन्टॅक्ट आहे’ म्हणतो, ते हेच.

११.३० – ट्रान्सफॉर्मर पुन्हा सुरू. आग का लागली, याची चौकशी तेवढ्यावर संपते.

दुपारी ३.०० – खेळ सुरू. खाली ट्रान्सफॉर्मरच्या खोलीला खेटून गाड्या लागलेल्या.

३.५५ ते ४.५५ – वीजपुरवठा बंद. वीज परत येते तेव्हा सकाळच्या त्याच जोडावर पुन्हा भार.

५ च्या सुमारास – केबल सुटते आणि ट्रान्सफॉर्मरचं तेल थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पत्र्यावर पडते. पत्र्याला भोक पडून तापलेलं तेल बाहेर येतं आणि पेटतं. बिघाड होताच वीज तोडणारी संरक्षक रिले नाही, सांडलेलं तेल जिरवायला खड्डा नाही. तेल वाहत पार्किंगमध्ये जातं आणि गाड्या पेट घेतात.

मग धूर जिन्याने वर चढतो. एसीच्या डक्टमधूनही. खालच्या स्टॉलमधले प्रेक्षक निसटतात. बाल्कनी वेगळी गोष्ट आहे. तिथे उजवीकडचं दार आठ खुर्च्यांच्या खासगी बॉक्समुळे अडलेलं, त्या बाजूची वाटही जादा खुर्च्यांनी खाल्लेली. या जादा खुर्च्यांची परवानगी सरकारने १९७९ मध्येच मागे घेतली होती, तरी बऱ्याचशा खुर्च्या राहिल्या. अठरा वर्षं! उरलेल्या दाराला बाहेरून कडी. द्वारपाल जागेवर नाही. आग लागल्याचं सांगायला लाऊडस्पीकर चालत नाही, आणीबाणीचे दिवे लागत नाहीत. पडद्यावर लढाई सुरू असताना नाकात आलेला धूर खरा की सिनेमातला, हे अंधारात कोणी कोणाला विचारायचं?

५.१० – अग्निशमन दलाला फोन. बंब संध्याकाळच्या रहदारीतून वाट काढत येतात. आत लोक धडका मारून दार उघडतात, पण बाहेरच्या जिन्यातही धूरच.

६.२० – आग विझली. ५९ मृत, १०३ जखमी. ज्वाळा बाल्कनीपर्यंत पोचल्याच नव्हत्या. माणसं गुदमरून गेली. पुढे खटला कित्येक वर्षं चालला. त्यात सगळ्यांत बारकाईने तपासल्या गेलेल्या गोष्टींत एक होती सकाळची तासाभराची ती दुरुस्ती.