अनेक परिणामांची एकत्र तुलना : एक ऐतिहासिक टिपण

उपचाराचे फळ एकाच मापाने क्वचितच मोजता येते. रक्तदाब, वजन, नाडी ही मापे परस्परांशी निगडित असतात. प्रत्येकाची कसोटी निराळी घेतल्यास केवळ योगायोग निष्कर्ष म्हणून गणला जाण्याचा धोका वाढतो. परस्परनिरपेक्ष अशा पाच कसोट्या प्रत्येकी ५ टक्के पातळीवर घेतल्या, तर निदान एक खोटी सार्थता आढळण्याची संभाव्यता सुमारे २३ टक्के होते.

हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३१ साली ‘स्टूडंट’च्या टी-कसोटीचे अनेक चलांसाठी व्यापकीकरण केले व सहसंबंधांस गणितात स्थान दिले. अनेक गटांसाठी सॅम्युएल विल्क्स यांची कसोटी १९३२ मध्ये आली. इकडे प्रशांतचंद्र महालनोबिस मानवमितीच्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. १९२० च्या नागपूर येथील सायन्स काँग्रेसमध्ये अ‍ॅनन्डेल यांनी त्यांच्यापुढे शरीरमापांचा प्रश्न ठेवला होता. त्यातून आरंभिलेल्या विचाराची परिणती १९३६ च्या ‘व्यापक अंतरा’त झाली. दोन गटांपुरते पाहता होटेलिंग यांचा टी-वर्ग म्हणजे नमुनासंख्यांनी गुणिलेले हेच अंतर होय.

तथापि या कसोटीस दिशा कळत नाही. लाभ व हानी तिला सारखीच. सर्व मापांत थोडाथोडा लाभ देणारा उपचार तिच्या हातून निसटू शकतो. ही उणीव जाणूनच पीटर ओब्रायन यांनी १९८४ मध्ये मापे एका पातळीवर आणून त्यांची बेरीज तपासण्याची रीत मांडली. परंतु बेरजेत विरोधी परिणाम एकमेकांस झाकतात. म्हणून आपला प्रश्न कोणता, हे सामग्री हाती येण्यापूर्वीच ठरविणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.