आबाजींची कॅसेट आणि खरं बोलणारे स्पीकर

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस बंद झालं आणि मी पुण्याहून नागभीडला घरी आलो. काही महिन्यांनी दोन अ‍ॅक्टिव्ह स्टुडिओ मॉनिटर मागवले. खोकं उघडल्यावर बाबांनी विचारलं, "हे तर स्टुडिओचं सामान. घरी कशाला?"

उत्तर शोधायला गेलो आणि इतिहासात शिरलो. कारण प्रश्नच उलटा निघाला. अ‍ॅम्प्लिफायर पोटात घेतलेला स्पीकर मुळात घरातलाच.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, त्याची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू. त्यावर बेतलेला रेडिओला १०४ हा स्पीकर लवकरच बाजारात आला आणि त्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर होता. पुढे घरोघरी आलेला व्हॉल्व्हचा रेडिओही तसाच. आमच्या आबाजींकडे असा एक रेडिओ होता. १९४८ मध्ये सुरू झालेलं नागपूर आकाशवाणी केंद्र त्यावर लागायचं. कोणता स्पीकर, कोणता अ‍ॅम्प्लिफायर, कोणती लाकडी पेटी, हे सगळं बनवणाऱ्याने एकत्र ठरवलेलं असायचं. ऐकणाऱ्याने फक्त बटण फिरवायचं.

मग हाय-फायचा जमाना आला आणि पेटीची वाटणी झाली. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे, मध्ये वायर. आमच्याकडे ही वाटणी नव्वदच्या दशकात 'डेक'च्या रूपाने आली. मोठाली खोकी, चमकते दिवे आणि बास वाढवायचं बटण. ते बटण बंद ठेवलेलं मी कुठल्याच घरी पाहिलं नाही.

दोन्हींतला फरक सोपा आहे. साध्या, म्हणजे पॅसिव्ह स्पीकरमध्ये एकाच अ‍ॅम्प्लिफायरचा मोठा झालेला आवाज आत येतो. मग कॉइल आणि कपॅसिटर त्याची विभागणी करतात, जाड आवाज मोठ्या शंकूकडे, बारीक आवाज छोट्या ट्वीटरकडे. अ‍ॅक्टिव्हमध्ये ही विभागणी सिग्नल लहान असतानाच होते आणि प्रत्येकाला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. त्यामुळे बनवणाऱ्याला प्रत्येक भाग मोजून मापून जुळवता येतो. 'मॉनिटर' म्हणजे नजर ठेवणारा. आवाज गोड करणं हे त्याचं काम नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेवढंच सांगायचं.

गंमत म्हणजे घर आणि स्टुडिओ यांच्यात स्पीकरची ये-जा कायम चालू राहिली. यामाहाने १९७८ मध्ये एनएस-१० हा पांढऱ्या शंकूचा स्पीकर घरासाठी काढला. घरात तो फारसा रमला नाही, पण पुढे जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या टेबलावर जाऊन बसला. यावर गाणं बरं वाजलं तर कुठेही बरं वाजेल, असा त्याचा लौकिक. २००१ मध्ये तो बंद झाला, कारण त्याच्या शंकूला लागणारा लगदा मिळेनासा झाला. बल्लारपूरचा कागद कारखाना ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला हे कारण लगेच समजतं.

उलट बीबीसीचा छोटा एलएस३/५ए सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार झाला आणि संगीतवेड्यांच्या दिवाणखान्यात पोहोचला. १९७८ मध्येच फिनलंडमधल्या ईसाल्मी या लहान गावात जेनेलेक कंपनी सुरू झाली. तिथल्या सरकारी रेडिओला अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर हवे होते, म्हणून. जंगलातल्या छोट्या गावातून जगाचे कान घडतात, हे वाचून मला बरं वाटलं.

आता आमच्या गावाकडचं. झाडीपट्टीचा कान भोंग्यावर तयार झाला आहे. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या गावागावांत रात्रभर नाटकं चालतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. भोंगा मधला आवाज लांबवर फेकतो, जाड आवाज जवळजवळ टाकून देतो. म्हणून नट आणि गायक तिथे पोहोचेल असा आवाज लावत. आबाजी दंडारीत गायचे. गावाला त्यांचा आवाज आठवतो तो भोंग्यातला.

त्यांची एक कॅसेट घरात होती, ओसरीवर बसून टेप केलेली. डेकवर लावली की नुसती ढोलकी घुमायची. आबाजी कुठेतरी मागे राहायचे.

मॉनिटर लावायलाही थोडं शिकावं लागलं. कोपऱ्यात ठेवले तर भिंती बास फुगवतात, म्हणून पुढे ओढले. ट्वीटर कानाच्या उंचीला. दोन स्पीकर आणि मी, असा समभुज त्रिकोण, साधारण एक मीटरचा. सिमेंटच्या भिंतींचा घुमारा मोडायला मागे गोधड्या आणि धानाची पोती. लॅपटॉपच्या चार्जरमुळे येणारी घरघर बॅलन्स्ड केबलने गेली. मागच्या खिळखिळ्या डेकची लाइन-आउट ऑडिओ इंटरफेसला जोडली आणि कॅसेट लावली.

खरं सांगतो, आधी वाईट वाटलं. टेपचा खरखराट, बेसूर पेटी, कुणाचं तरी खोकणं, सगळं समोर. मॉनिटर दयामाया दाखवत नाही. पण आबाजीही समोर होते. ओळ संपताना श्वास कमी पडायचा आणि ते शेवटची अक्षरं हळू सोडायचे. हे मला कधीच माहीत नव्हतं.

आणि दोन ओळींच्या मध्ये, खूप मागे, एक लांब शिट्टी. मी गोंधळ समजून पुसणार होतो. दारात उभी असलेली आजी म्हणाली, "गाडी आली ना बाबू."

नागपूर-नागभीडची अडीच फुटी छोटी गाडी. रूळ रुंद करण्यासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. ती आता आमच्या कॅसेटमध्ये उरली आहे.

मी काहीही न पुसता फाइल साठवली, दोन ठिकाणी. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर आधी ती उतरवून ठेवा, टेप दर वर्षी थोडी मरते. स्पीकर नंतर घेतले तरी चालतील. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला मिळालं. स्टुडिओचं सामान घरी आलं नव्हतं. आबाजींची रेडिओची पेटी परत आली होती.