एक टायर बदलताना चारही चाकांचा विचार हवा

प्रवासात रस्त्याकडेच्या अणकुचीदार दगडाने टायरची बाजू फाटते. स्टेपनी चढवून गाडी कशीबशी घरी आणली जाते आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून एक नवा टायर आणून बसविला जातो. केवळ दोन चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या नेहमीच्या मोटारीत यामुळे सहसा फारसे बिघडत नाही. मात्र चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या, म्हणजेच ऑल व्हील ड्राइव्ह प्रकारच्या गाडीत हाच एक नवा टायर पुढे मोठ्या खर्चाला कारणीभूत ठरू शकतो. अशा गाडीचे चार टायर हा एकच संच असतो आणि त्याची देखभालही संच म्हणूनच करावी लागते.

दोन प्रकारांतील फरक

चारही चाके फिरविणाऱ्या सर्व गाड्या सारख्या नसतात. मारुती जिप्सी, जिम्नी किंवा महिंद्र थारची फोर बाय फोर आवृत्ती यांमध्ये एरवी फक्त मागची चाके गाडी ढकलतात. चिखल, वाळू किंवा खडा चढ आला की चालक लिव्हरने पुढची चाके जोडून घेतो. त्या वेळी पुढचा व मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर या गाड्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालवू नयेत, असे सांगितले जाते.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ही जोडणी चालकाला करावी लागत नाही. काही गाड्यांत पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एक मधला डिफरन्शियल असतो व चारही चाकांना सतत शक्ती मिळते. १९७० मधील रेंज रोव्हर आणि १९८० मधील ऑडी क्वात्रो ही त्याची गाजलेली उदाहरणे. इतर अनेक गाड्यांत प्रामुख्याने पुढची चाके गाडी ओढतात आणि गरज भासेल तेव्हा अनेक चकत्यांचा क्लच मागच्या चाकांकडे शक्ती वळवितो. भारतात २०१२ मध्ये आलेली डस्टर, २०२१ मधील एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ मधील ग्रँड विटारा यांच्या काही आवृत्त्यांत ऑल व्हील ड्राइव्हची सोय देण्यात आली.

चार मिलिमीटरचा हिशेब

टायर झिजतो तेव्हा त्याची नक्षी उथळ होते, तसाच त्याचा घेरही कमी होतो. नव्या टायरच्या खाचा साधारणतः ८ मिलिमीटर खोल असतात. खोलीत १ मिलिमीटर घट झाली की घेर सुमारे ६ मिलिमीटरने घटतो. २२५/६५ आर १७ या मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ७२४ मिलिमीटर व घेर सुमारे २,२७५ मिलिमीटर भरतो. हाच टायर ४ मिलिमीटर झिजला की घेर २५ मिलिमीटरने कमी होतो. त्यामुळे तेवढेच अंतर कापण्यासाठी त्याला दर किलोमीटरला सुमारे पाच फेऱ्या जास्त माराव्या लागतात. २०० किलोमीटरच्या प्रवासात हा फरक जवळजवळ एक हजार फेऱ्यांवर जातो.

वळणावरही चाके कमीजास्त वेगाने फिरतात, मग या फरकाने काय बिघडते, असा प्रश्न पडू शकतो. वळण काही क्षणांत संपते आणि त्याबरोबर चाकांच्या वेगातील फरकही मिटतो. टायरच्या घेरातील फरक मात्र सरळ रस्त्यावरही, गाडी धावत असेपर्यंत कायम राहतो. पुढचे दोन्ही टायर झिजलेले आणि मागचे दोन्ही नवे असतील, तर हा सगळा फरक मधल्या यंत्रणेला सोसावा लागतो. एकच टायर वेगळा असेल, तर त्या अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलला अखंड काम करावे लागते आणि निम्मा फरक मधल्या यंत्रणेपर्यंत पोहोचतो.

जेथे मध्ये क्लच असतो तेथे त्याच्या चकत्या एकमेकींवर घासतात, तेल तापते आणि चकत्यांची झीज वाढते. जेथे व्हिस्कस कपलिंग असते तेथे आतील सिलिकॉन द्रव सततच्या घर्षणाने तापतो आणि कपलिंग आवळले जाते. हळू वेगात तीव्र वळण घेताना गाडी अडखळणे, खालून गुणगुणल्यासारखा आवाज येणे, तापलेल्या तेलाचा वास येणे किंवा ऑल व्हील ड्राइव्हचा इशारा देणारा दिवा लागणे, ही बिघाडाची लक्षणे असू शकतात. प्रत्येक चाकाचा वेग मोजून ब्रेक व घसरण नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचीही अशा विषम टायरमुळे दिशाभूल होऊ शकते.

झीज विषम का होते?

शक्ती चारही चाकांना मिळत असली तरी काम सर्वांना सारखे नसते. इंजिनाचा भार, वळण घेणे आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर पडतो. घाटात तर उतार, ब्रेक व वळणे एकत्र येतात. त्यामुळे पुढच्या टायरच्या कडा लवकर झिजतात.

झिजेचे स्वरूप पाहून तिचे कारण बरेचसे ओळखता येते. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग झिजतो. एकच कड झिजली असेल तर चाकाचा कल बिघडलेला असतो. नक्षीवरून हात फिरविताना एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावी. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाल्याची किंवा चाकाचा तोल बिघडल्याची शक्यता असते. मूळ दोष दूर न करता बसविलेला नवा टायरही त्याच पद्धतीने झिजतो.

एक टायर, दोन की चार?

चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला, अशी भावना चार टायरचे बिल पाहून होणे स्वाभाविक आहे. एक टायर फाटला की चारही बदललेच पाहिजेत, असाही नियम नाही. निर्णय घेण्यापूर्वी मोजमाप करणे आवश्यक असते. खाचांची खोली मोजण्याची साधी पट्टी स्वस्तात मिळते. प्रत्येक टायरची खोली आतील कड, मध्य व बाहेरील कड अशा तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवावी.

किती फरक चालेल, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे किंवा अधिकृत सेवा केंद्राकडून विचारून घ्यावे, कारण ही मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ऑल व्हील ड्राइव्हसाठी ओळखली जाणारी जपानची सुबारू कंपनी चारही टायरच्या घेरातील फरक पाव इंचाच्या आत असावा, असे सांगते. म्हणजेच खाचांच्या खोलीत जेमतेम १ मिलिमीटर फरक चालतो. काही कंपन्या यापेक्षा अधिक फरक मान्य करतात.

उरलेले तीन टायर जवळजवळ नवे असतील, तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा व मापाचा एक टायर पुरेसा ठरतो. माप तेच असले तरी कंपनी बदलली की प्रत्यक्ष घेर थोडा बदलू शकतो. त्यामुळे वेगळ्या कंपनीचा टायर टाळावा. फरक मर्यादेत राहत असेल, तर एका अ‍ॅक्सलवरील दोन टायर बदलता येतात. अशा वेळी नवी जोडी मागे बसविणे अधिक सुरक्षित मानले जाते, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे कठीण जाते. फरक मर्यादेबाहेर जात असेल, तर चारही टायर बदलणेच अंतिमतः स्वस्त पडते. अमेरिकेत नवा टायर तासून उरलेल्या तिघांच्या मापाचा करून देण्याचीही पद्धत आहे. नक्षीच्या भागातील लहान छिद्र नीट दुरुस्त करता येते. बाजूची भिंत फाटली असेल तर मात्र टायर बदलावाच लागतो.

ही वेळ टाळण्यासाठी

टायरची जागा नियमितपणे बदलत राहणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय होय. साधारणतः दर ८ ते १० हजार किलोमीटरनंतर, पुस्तिकेत दिलेल्या क्रमानुसार, टायर पुढेमागे करावेत. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनविलेले टायर असतील, तर ते त्याच बाजूला पुढेमागे करावे लागतात. स्टेपनी मूळ टायरच्याच मापाची व नक्षीची असेल, तर तिलाही या फेऱ्यात घ्यावे. त्यामुळे पाचही टायर एकसारखे झिजतात आणि अडचणीच्या वेळी जुळणारा टायर हाताशी असतो. स्टेपनी लहान मापाची असेल, तर ती केवळ जवळच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी वापरावी आणि तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी.

हवेचा दाब महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावा. मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यास अलाइनमेंट करून घ्यावी. भारतात मोटारीच्या टायरसाठी खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरविण्यात आली आहे. मात्र ही मर्यादा एकेका टायरपुरती आहे. चारही टायर कायद्यात बसत असले तरी ते एकमेकांशी जुळतातच असे नाही आणि ऑल व्हील ड्राइव्हच्या यंत्रणेचे आयुष्य या जुळणीवरच अवलंबून असते. म्हणून नव्या टायरची किंमत विचारण्यापूर्वी उरलेल्या तीन टायरचे माप घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.