आकाशक मापनसाधने, हौशी रेडिओतील
हौशी रेडिओ केंद्राच्या आकाशकाची (अँटेनाची) अनुस्पंदन कंप्रता, त्याचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण रोध) व प्रेषकाशी असलेला मेळ तपासणारी उपकरणे.

भारतात हौशी प्रेषण १९२१ च्या सुमारास सुरू झाले. त्या काळी आकाशकाच्या तारेत लहान दिवा किंवा उष्ण-तार अँपिअरमापक बसवून प्रवाह अजमावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रिड-डिप आंदोलक रूढ झाला. त्याचे वेटोळे आकाशकाजवळ धरले असता अनुस्पंदनाच्या वेळी काटा घसरे. त्यावरून कंप्रता कळे, संरोध मात्र कळत नसे.

समाक्ष केबलीबरोबर स्थायी तरंग गुणोत्तर मापक आला. तो स्वस्त व सोयीचा, पण फसवा आहे. केबलीत ३ डेसिबल ऱ्हास असल्यास, तिच्या टोकास आकाशक मुळीच जोडलेला नसला तरी हा मापक सु. ३ च गुणोत्तर दाखवितो. चांगला आकडा म्हणजे चांगला आकाशक, हा समज त्यामुळेच टिकून राहिला.

लांजा (जि. रत्नागिरी) परिसरात ही उणीव विशेष जाणवते. सह्याद्रीचे फाटे अतिउच्च कंप्रतेचे तरंग अडवितात. सरळ रेषेत सु. २५० किमी. दूर असलेल्या मुंबईशी दिवसा संपर्क साधण्यास आयनांबरावरून परत येणारे ७ मेगॅहर्ट्‌झचे तरंग उपयोगी पडतात. तौक्ते चक्रीवादळाच्या (मे २०२१) वेळेसारखी वीज खंडित होऊन दूरध्वनी बंद पडल्यास हा मार्ग मोलाचा ठरतो. येथे सोयीचा आकाशक म्हणजे दोन माडांमध्ये ताणलेली सु. २० मी. लांबीची अर्धतरंग तार. उभ्या आकाशकास कोरडा जांभा प्रतिकूल असतो. जमिनीत शक्ती वाया जाते आणि त्या ऱ्हासामुळेच गुणोत्तर उलट बरे दिसू शकते.

तार कापावी की वाढवावी, हे संरोधाच्या चिन्हावरून ठरते : योजिलेल्या कंप्रतेस तो प्रवर्तकीय असल्यास तार लांब, धारितेचा असल्यास आखूड. १९९० नंतरच्या अनेक सुवाह्य विश्लेषकांत हे चिन्हच दिसत नसे. ‘बिट-एक्स’ या स्वस्त प्रेषक-ग्राहीचे जनक, हैदराबादचे अशर फर्हान, यांनी ‘अँटुइनो’ हा घरी जुळविता येण्याजोगा विश्लेषक रचला. जपानमध्ये निर्माण झालेला व २०१९ पासून अल्प किमतीत सर्वत्र मिळू लागलेला ‘नॅनो व्हीएनए’ चिन्हासह संरोध दाखवितो. मात्र केबलीच्या दूरच्या टोकाशी खुले, लघुमंडलित व ५० ओहम अशा तीन भारांनी अंशन केले नाही, तर तो केबलीने बदललेला संरोध दाखवितो. पावसाळ्यात ओल्या झावळ्यांच्या सान्निध्याने अनुस्पंदन कंप्रता खाली सरकते. म्हणून उन्हाळ्यात घेतलेले माप आषाढात पुन्हा घ्यावे लागते.